स्वधर्म आणि संचालकाची छडी

गीतेने स्वधर्माचा आग्रह धरला खरा. परंतु ज्याच्या ठायी दोन धर्म तुल्यबळ होऊन नांदतात, त्याने कोणता आपला मानावा आणि कोणता परका, हा निवाडा तितकासा सोपा नाही. उदाहरणार्थ, हेलसिंकी येथे 1958 साली जन्मलेले एसा-पेका सालोनेन रचनाकार होण्याच्या निश्चयानेच संगीत शिकले. पण 1983 साली लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाचे नियोजित संचालक ऐनवेळी येऊ न शकल्यामुळे रचनाकार माहलरच्या तिसऱ्या सिंफनीचे संचालन त्यांच्याकडे आले, आणि त्या एका रात्रीने त्यांच्या आयुष्याचा कारभारच पालटला. पुढे 1992 पासून 2009 पर्यंत ते, मुंबईच्या झुबिन मेहतांनी पूर्वी ज्याची धुरा वाहिली त्या लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे मुख्य संचालक होते. संचालक स्वतः एक सूरही काढीत नाही. इतरांच्या कर्तृत्वाला वाट देणारा तो निमित्तमात्र, तर रचनाकार हा कर्ता. (टाळ्या मात्र प्रथम संचालकालाच, हा जगाचा दस्तूर!) तथापि, त्यांच्या ज्या व्हायोलिन कॉन्चेर्टोला 2012 साली संगीतरचनेचे ग्रॉमायर पारितोषिक मिळाले, त्यातील वाद्यवृंदाच्या अंतरंगाचे ज्ञान या तथाकथित परधर्मात वर्षानुवर्षे राबल्याविना आले असते, असे मला वाटत नाही; आगंतुक कर्माला परके म्हणण्याची घाई येथे अन्यायाची ठरते. अधिकाराची आसक्ती त्यांना कितपत होती, हे मात्र कृतीवरून दिसते: 2024 साली सॅन फ्रान्सिस्को सिंफनीच्या विश्वस्तांशी ध्येयाविषयी मतभेद होताच त्यांनी तेथील आपल्या संचालकपदाचा करार पुढे चालविण्यास नकार दिला.