कमिटनंतरचे प्रायश्चित्त

घडलेली गोष्ट न घडलेली करता येते का, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. झालेले नाहीसे करणे देवालाही शक्य नाही, हे अगाथॉन या कवीचे म्हणणे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मान्यतेने उद्धृत केले. अकराव्या शतकात पीटर डेमियनने ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेची बाजू घेऊन याच प्रश्नावर पत्ररूप प्रबंध लिहिला. मेनफ्रेम संगणकावरील आयएमएस ही डेटाबेस-प्रणाली शिकणाऱ्यालाही या प्रश्नाला सामोरे जावे लागते, आणि तेथे मोघम उत्तर चालत नाही.

आयएमएसची उभारणी आयबीएमने अपोलो मोहिमेच्या काळात, सॅटर्न ५ रॉकेटच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी सुरू केली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे ती प्रथम कार्यान्वित झाली. तिच्यातील माहिती वंशावळीप्रमाणे मांडलेली असते: वर मूळ सेगमेंट (माहितीचा घटक), त्याखाली अपत्ये, त्यांखाली त्यांची अपत्ये. साहजिकच येथे कोणतेही कृत्य एकटे राहत नाही. मूळ सेगमेंटवर ‘डीलीट’चा एक कॉल दिला की त्याखालची सगळी शाखा जाते. चूक एका ओळीची असते, परिणाम मात्र वंशभर होतो.

म्हणूनच आयएमएसमध्ये कृत्य दोन टप्प्यांत पूर्ण होते: आधी बदल, मग तो कायम करणारे ‘कमिट’. प्रोग्रॅम बदल करतो तेव्हा बदलापूर्वीची स्थिती लॉगमध्ये उतरते, आणि बदललेल्या नोंदींवर कुलूप राहते. कमिट होईपर्यंत ‘रोलबी’ हा कॉल दिला, की सर्व काही पूर्वपदावर येते. टर्मिनलवर जाणारे उत्तरही तोवर रोखून धरलेले असते, आणि ही तरतूद विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कृत्य मागे घेता येते, कारण त्याची वार्ता अजून कोणापर्यंत पोहोचलेली नसते. याला अपवाद ‘एक्स्प्रेस’ म्हणून घोषित केलेल्या संदेशांचा. डेटाबेसमधले बदल परत फिरले तरी हे संदेश जातातच, आणि जे घडलेच नाही त्याची बातमी बाहेर पोहोचते. नवशिक्याने हा अपवाद नीट समजून घ्यावा. कृत्य कोठे संपते आणि त्याची साक्ष कोठे सुरू होते, हे त्यात स्वच्छ दिसते.

कमिटनंतर परतीची वाट बंद होते. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८१च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे ठामपणे मांडले: कायम झालेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) पुसता येत नाही, त्याची भरपाई करणारा दुसरा व्यवहार तेवढा करता येतो. पुढे ग्रे आणि रॉयटर यांनी १९९३च्या ग्रंथात प्रत्यक्ष जगातल्या क्रियांचा वेगळा वर्गच मानला. एटीएममधून नोटा बाहेर पडल्या, की कोणताही लॉग त्या परत आत ओढू शकत नाही.

भरपाईचा हा विचार धर्मशास्त्राला परका नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त यांचे सविस्तर विवेचन आहे. या चर्चेत याज्ञवल्क्यस्मृतीने केलेला भेद मोलाचा ठरतो. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत कर्ता केवळ ‘व्यवहार्य’ होतो, म्हणजे समाजाने पुन्हा त्याच्याशी व्यवहार करावा इतकाच अधिकार त्याला मिळतो.

भरपाईचा व्यवहार या दुसऱ्या प्रकारात बसतो. चुकून वळती झालेली रक्कम उलट नोंदीने परत येते आणि खाते पुन्हा वापरण्याजोगे होते. मधल्या वेळात त्या रकमेवर कोणी कर्ज मंजूर केले असेल, तर ते मात्र आपोआप रद्द होत नाही. लॉगमध्ये मूळ नोंद आणि उलट नोंद, दोन्ही आपापल्या वेळेसह राहतात, आणि लेखापरीक्षक दोन्ही वाचतो.