पाण्याखालची ऊब

बसा. कल्याणच्या काळ्या तलावाकाठी, जागा मिळेल तिथे. संध्याकाळची गर्दी असू द्या. फेऱ्या मारणारे मारोत.

पाण्याकडे पाहा.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता डोळे मिटा, आणि दुसरं एक पाणी मनात आणा. फार लांबचं नाही. बोईसरच्या पलीकडे, समुद्राकाठी, तारापूर. 2014 साली पालघर वेगळं झालं, तोवर ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं.

तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 पासूनच्या. त्यांचं वापरून झालेलं इंधन पाण्यात ठेवतात. खोल, नितळ पाणी. तळाशी लांबट नळ्यांचे गठ्ठे उभे.

काही हलत नाही. काही जळत नाही.

तरी ते गठ्ठे ऊबदार आहेत.

या उबेपाशी थांबा.

ही साठलेली उष्णता नव्हे. साठलेली असती तर केव्हाच निवली असती. ही आत्ता जन्मते आहे. फुटलेल्या युरेनियमचे तुकडे अजून स्थिरावलेले नाहीत. एखादं अणुकेंद्रक बदलतं, जरा ऊर्जा टाकतं. मग दुसरं. मग आणखी एक.

श्वास घ्या.

एखादी भट्टी 500 मेगावॉट उष्णता देत होती, असं धरा. ती बंद केली. त्या क्षणी सहा-सात टक्के उरते. म्हणजे तीस-पस्तीस मेगावॉट.

तासाभराने दीड टक्का.

दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

मग हळू. आणखी हळू.

2011 साली फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. त्सुनामीने थंड करणारी यंत्रणा नेली, आणि घात केला तो या उरलेल्या उबेने.

ती किती, हे आधी कळायला हवं. प्रत्येक गठ्ठा मोजत बसणं शक्य नसतं, म्हणून बेरीज करतात. शेकडो अणुकेंद्रकं. कुठलं किती जन्मलं, किती टिकतं, बदलताना किती ऊर्जा देतं. या नोंदींच्या तक्त्यांवर सगळा हिशेब उभा. स्फोटांच्या गोष्टींपेक्षा मला तरी ही बेरीज जास्त थक्क करते.

आता डोळे मिटलेलेच ठेवा, आणि ऐका.

आधी मोठे आवाज येतात. रिक्षाचा हॉर्न. कुणाची हाक.

ते जाऊ द्या. त्यांच्या खालचे ऐका. बारीक आहेत, पण पुष्कळ आहेत.

मोजणाऱ्या यंत्रांकडूनही हे बारीक सुटायचं. बदलत्या अणुकेंद्रकांतून निघणारे ठळक गॅमा किरण टिपले जायचे, शेकडो क्षीण किरण निसटायचे. 1977 साली शास्त्रज्ञांनी संगणकावर एक काल्पनिक अणुकेंद्रक रचलं, त्याला नाव दिलं पँडेमोनियम, आणि नेहमीच्या पद्धतीने ते तपासलं. बरंच काही हाती लागलंच नाही.

म्हणजे तक्त्यांत गॅमाचा वाटा कमी पडत होता, बीटा कणांचा वाढत होता.

पुन्हा ऐका. या वेळी काही निवडू नका. सगळं येऊ द्या.

पुढे मापनही असंच झालं. नमुन्याभोवती मोठा स्फटिक ठेवायचा, आणि एकेक किरण न वेचता सगळी ऊर्जा एकत्र टिपायची. फिनलंडमध्ये युव्हास्कुला इथे टेक्निशियमची काही अल्पायुषी अणुकेंद्रकं अशी तपासली गेली. 2010 साली निष्कर्ष छापून आले, आणि प्लुटोनियम फुटल्यावर उरणाऱ्या उष्णतेच्या हिशेबातली एक जुनी तूट बरीचशी भरून निघाली.

ही तूट भट्टी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातली. जुन्या इंधनाचं तसं नाही. तिथे गलबला ओसरलेला असतो. उरतात मुख्यतः सीझियम आणि स्ट्रॉन्शियम, दोघांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. स्वीडनमध्ये जुने गठ्ठे उष्णतामापीत ठेवून पाहिले, तेव्हा गणित आणि मोजमाप काही टक्क्यांच्या आत जुळलं.

तारापूरच्या भट्टीत 1970च्या दशकात जन्मलेल्या सीझियमचं एक अर्धायुष्य उलटून गेलं आहे. दुसरं चालू आहे.

एक श्वास. डोळे उघडा.

यापुढे कुणी म्हणालं की अणुभट्टी बंद केली आहे, तर एवढंच विचारा: किती वेळ झाला?