मानपत्र

आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेला दरवर्षी एक तरी मुलगा मार्क अँटनी व्हायचा. अंगाला पांढरी चादर गुंडाळायची, आवाज कापरा करायचा आणि सीझरच्या मारेकऱ्यांचं कौतुक करत करत त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणायची. बक्षीस बहुधा त्यालाच. शेक्सपिअरने १५९९च्या सुमारास लिहिलेलं ते भाषण इतकं बिनतोड आहे, की रोममध्ये खरोखर हेच बोललं गेलं असणार असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

पुढे स्युटोनियस वाचला. घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा हा चरित्रकार वेगळंच सांगतो. सीझरच्या अंत्ययात्रेत अँटनीने श्रद्धांजलीच्या भाषणाऐवजी एका चोपदाराला पुढे केलं आणि दोन मजकूर वाचून घेतले. पहिला, सीझरला माणसाला आणि देवाला देता येतील तेवढे सगळे सन्मान बहाल करणारा सिनेटचा ठराव. दुसरा, सीझरच्या जिवाला आम्ही जपू, ही सिनेटच्या सभासदांनी घेतलेली शपथ. मग अँटनी स्वतःचे अगदी थोडे शब्द बोलला.

ॲपियनच्या इतिहासात हाच प्रसंग नाटकासारखा रंगतो. तिथे अँटनी लांबलचक बोलतो, रक्ताने माखलेलं वस्त्र भाल्यावर नाचवतो, आणि सीझरचा मेणाचा पुतळा यंत्रावर गरगर फिरवून त्याच्या २३ जखमा लोकांना दाखवल्या जातात. वक्ता सिसेरो तर त्याच काळातला माणूस, तोही त्या भाषणाचं खापर अँटनीच्या डोक्यावर फोडतो. अर्थात तो अँटनीचा हाडवैरी. तेव्हा अँटनी काही ना काही बोलला असणारच. पण ठराव आणि शपथ वाचली गेली, हे ॲपियनही सांगतो. माझं मन अडकतं ते त्या वाचनापाशी. वाचलेलं एकही अक्षर अँटनीचं नव्हतं. ज्यांनी खंजीर चालवले आणि ज्यांनी नंतर मान डोलावली, त्यांचेच ते शब्द होते.

तो ठराव म्हणजे आपल्या भाषेत मानपत्र. सोन्याचं आसन, जांभळा झगा, राजांच्या रांगेत पुतळा, एका महिन्याला नाव. आपण आजही ज्याला जुलै म्हणतो तो हाच. यातले काही सन्मान सीझरच्या शत्रूंनी मुद्दाम वाढवत नेले, असं प्लुटार्क लिहितो. लोकांच्या डोळ्यांत तो खुपावा आणि पुढे काही करायची वेळ आली तर निमित्त हाताशी असावं, हा त्यामागचा हिशोब. ठराव घेऊन सिनेट त्याच्याकडे गेली तेव्हा सीझर आसनावरून उठलासुद्धा नाही. सगळे दुखावले, पण ठराव कुणी मागे घेतला नाही. शपथेचं तर आणखीच वाईट. तिच्यावर विसंबून सीझरने आपले स्पॅनिश अंगरक्षक काढून टाकले, असं काहींचं मत होतं, हेही स्युटोनियसच नोंदवतो.

मी स्वतः तरुणपणी मानपत्रं लिहिली आहेत. सत्कारमूर्तीला मी ओळखतही नसे. ‘आपल्या कर्तृत्वाचा सुगंध’ वगैरे सरसकट सगळ्यांच्या माथी मारायचं, चौकट करून द्यायचं, शाल-श्रीफळासोबत ते वाचलं जायचं आणि टाळ्या व्हायच्या. त्यातल्या एका सत्कारमूर्तीबद्दल मी पुढे घरी फार कडवट बोलू लागलो. तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, “ते मानपत्र तूच लिहिलं होतंस ना?” उत्तर सुचलं नाही. खोटं बोललो असं मला कधी वाटलंच नव्हतं. सगळे लिहितात तसं लिहिलं होतं.

रोममध्ये हा प्रश्न विचारणारा वडीलधारा नव्हता. १५ मार्चला, इ.स.पू. ४४ मध्ये, पाँपीच्या सभागृहात खून झाला. तिसऱ्या दिवशी टेल्लस देवीच्या मंदिरात सिनेट भरली. सीझर जुलमी होता की नव्हता, एवढंच ठरवायचं होतं. होता म्हणावं, तर मारणारे देशाचे उपकारकर्ते. नव्हता म्हणावं, तर ते खुनी. अँटनीने तिथे एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली: तो जुलमी ठरला तर त्याचे सगळे हुकूम रद्द होतात, आणि इथे बसलेल्या कित्येकांची पदं त्याच हुकमांवर उभी आहेत. पुढच्या वर्षांच्या नेमणुकासुद्धा सीझर करून गेला होता. मारेकरीही त्यात आलेच. ब्रूटस आणि कॅशियस त्या वर्षी प्रेटर होते, ते सीझरच्याच मेहेरबानीने.

मग जे होतं तेच झालं. सीझरचे सगळे हुकूम कायम, आणि मारणाऱ्यांना माफी. माफीची सूचना सिसेरोची, तीही अथेन्सचा दाखला देऊन. रक्तपात टळला, हे त्या दिवशी थोडं नव्हतं, आणि मी तिथे असतो तर मीही हात वर केला असता. पण दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं. खुर्ची वाचली म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. तीनच दिवसांनी चोपदाराने बोट ठेवलं ते नेमकं या न बोललेल्या जागेवर.

त्याआधी सीझरचं मृत्युपत्र उघडलं होतं. प्रत्येक नागरिकाला ३०० सेस्टर्स, म्हणजे शिपायाच्या वर्षाच्या पगाराचा साधारण तिसरा हिस्सा. टायबरपलीकडच्या बागा लोकांसाठी. आणि दुसऱ्या फळीच्या वारसांत खुद्द एका मारेकऱ्याचं, डेसिमस ब्रूटसचं नाव. जमावाने बाकं मोडून फोरममध्येच चिता रचली. त्या धुमाळीत हेल्व्हियस सिन्ना नावाचा सीझरचाच माणूस ठार झाला, कारण सीझरवर टीका करणाऱ्या दुसऱ्या एका सिन्नाचं आणि त्याचं नाव एक होतं.

मोठा ब्रूटस, म्हणजे मार्कस, याने कॅपिटॉल टेकडीवर भाषण केलं होतं, ते सहसा कुणाला आठवत नाही. छापखाने नव्हते, पण भाषणाच्या प्रती निघत. त्याआधी त्याने ते सिसेरोकडे तपासायला पाठवलं. सिसेरोने मित्राला पत्रात कळवलं, की लिहिलंय फार सुरेख, पण मी असतो तर आणखी आग ओतली असती. बिचारा ब्रूटस. न्याय्य बाजू नीट मांडली की काम झालं, असं मानणारे लोक मला आवडतात आणि त्यांची काळजीही वाटते.

अँटनीच्या हाती आता सीझरचं दप्तर होतं, आणि सीझरचे हुकूम तर सिनेटनेच कायम केलेले. ‘ध’चा ‘मा’ करायला रान मोकळं. सीझरने लिहून ठेवलंय म्हणत त्याने हव्या त्या नेमणुका केल्या, हद्दपारांना परत आणलं. रोमच्या लोकांनी या नेमलेल्यांना मेलेल्यांच्या नावाड्यावरून, कॅरॉनवरून, टोपणनाव दिलं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तिथेही होतेच.

आग ओतायची सिसेरोची हौस मात्र फिटली. अँटनीविरुद्ध त्याची १४ भाषणं आहेत. त्यांतलं सर्वांत जहाल दुसरं त्याने सभेत केलंच नाही, नुसतं लिहून फिरवलं. अँटनीला शह द्यायला त्याने सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन पुढे आणला. पोराचं वय तेव्हा १९. इ.स.पू. ४३च्या पहिल्याच दिवशी सिसेरो सिनेटमध्ये त्याला जामीन राहिला: हा आज जसा आहे तसाच सज्जन राहील, याची हमी मी देतो. आणि त्याच वर्षात पोराला उचलण्याविषयीचं त्याचं एक वाक्य ऑक्टेव्हियनच्या कानावर गेलं. लॅटिनमधल्या त्या क्रियापदाला आपल्या ‘उचलणे’सारखेच दोन अर्थ आहेत, उचलून धरणं आणि उचलून बाजूला करणं. हमीही त्याचीच, कोटीही त्याचीच.

नोव्हेंबरात अँटनी, सीझरचा सरदार लेपिडस आणि ऑक्टेव्हियन एक झाले. ठार मारायच्या माणसांच्या याद्या निघाल्या. सिसेरोच्या नावाला ऑक्टेव्हियनने दोन दिवस विरोध केला, तिसऱ्या दिवशी सोडून दिला, असं प्लुटार्क सांगतो. ७ डिसेंबरला सिसेरो मारला गेला. फोरममधल्या ज्या मंचावरून तो बोलायचा, तिथेच त्याचं डोकं आणि हात टांगले गेले.

पुष्कळ वर्षांनी ऑक्टेव्हियनचा ऑगस्टस झाला होता. एकदा तो नातवाच्या खोलीत गेला. मुलाच्या हातात सिसेरोचं पुस्तक होतं. घाबरून त्याने ते कपड्यात लपवलं. ऑगस्टसने ते मागून घेतलं आणि उभ्या उभ्याच बराच वेळ वाचलं. मग परत देताना तो म्हणाला, की हा माणूस विद्वान होता, बाळा, आणि देशावर त्याचं प्रेम होतं.