काही होत नाही



आपल्या खान्देशात लग्नाची पंगत म्हटली की वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी आलीच. हिवाळ्यात मळ्यामळ्यांतून भरिताच्या पार्ट्या रंगतात. अशा वेळी एखादा पाहुणा पानावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, "मला वांगं बाधतं." वाढणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते, "घ्या हो थोडं, काही होत नाही!"

या आग्रहात प्रेम असते, यात शंका नाही. पण 'काही होत नाही' या वाक्याजवळ जरा थांबले पाहिजे. काही होत नाही, पण कोणाला? वाढणाऱ्याला काही होत नाही, हे खरे. त्यावरून जेवणाऱ्यालाही काही होणार नाही, हा निष्कर्ष कोठून आला? तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ही चूक दाखवून देईल. तरी आपण सगळे ती रोज करतो.

ताप आलेल्याच्या कपाळाला हात लावला की चटका बसतो. जखम डोळ्यांना दिसते. ॲलर्जीचे तसे नाही. जी वस्तू बाकी साऱ्या घराला निरुपद्रवी असते, तीच एकाला सोसत नाही. त्रास सुरू होईपर्यंत त्या माणसाच्या शब्दाशिवाय आपल्यापाशी दुसरा पुरावा नसतो. म्हणून अशा माणसाला आपण चटकन नावे ठेवतो: नाजूक, नखरेल, अमक्याची लाडावलेली सून. ज्या दुखण्याचा अनुभव माझ्या शरीराला कधीच येणार नाही, त्याविषयी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला मी बांधलेला आहे का? आमच्या मते आहे. इतकेच नव्हे, तर त्याच्या पथ्याचा काही भाग माझ्याही वाट्याला येतो.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी घडवला. (वैद्यकाकडे वळण्यापूर्वी हे गृहस्थ ईशज्ञान आणि तत्त्वज्ञान शिकले होते. सेमिनरीतून आलेल्या आम्हां लोकांना तेवढाच अभिमान!) ग्रीक भाषेतील 'वेगळे' आणि 'क्रिया' अशा दोन शब्दांपासून तो बनला आहे. शरीराची वेगळी वागणूक, एवढाच त्याचा मूळ अर्थ. दारावरचा राखणदार पाहुण्याला चोर समजून काठी उगारतो, तशी ही गोष्ट. काही आजारांत तर तो घरच्याच माणसांवर धावून जातो. सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि ल्युपस हे त्या जातीचे आजार.

या रोग्यांची खरी शिक्षिका कोण? डॉक्टर औषध लिहून देतात. ते समजावून सांगण्याचे काम बहुधा सिस्टरकडे येते. (आपल्या भाषेत परिचारिकाही सिस्टर आणि धर्मभगिनीही सिस्टर. कित्येक दवाखान्यांत दोघी एकच असतात, म्हणून घोटाळा होत नाही.) पण सांगणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. गोळी घेतल्यावर एखाद्या बाईच्या अंगावर गांधी उठतात. सिस्टर सांगते, "तुम्हाला या गोळीची ॲलर्जी आहे." बाईला कळते ते एवढेच, की आपल्याला पित्त उठले. ती घरी जाऊन अंगाला आमसुलाचे पाणी लावते, बरी होते, आणि पुढच्या महिन्यात पाठ दुखली की तीच गोळी दुसऱ्या नावाच्या पाकिटातून घेते. सिस्टरने सांगितले नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. पण बाई शिकली नाही. ज्या सिस्टर आधी विचारतात, "तुमच्याकडे याला काय म्हणतात? मागे कधी असं झालं होतं? तेव्हा काय खाल्लं होतं?" आणि मग औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर ठळक लिहून ती नवऱ्याला किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला लावतात, त्याच शिकवतात. याला दहा मिनिटे जास्त लागतात. रांग दाराबाहेर गेलेली असताना ती दहा मिनिटे कोठून आणायची, हेही विचारायला हवे. सगळा दोष त्यांच्या माथी मारणे बरे नव्हे.

शिकवणे व्यवस्थित झाले तरी प्रश्न संपत नाही, हे गाजरगवताने आपल्याला दाखवले आहे. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते इकडे आले असे मानतात. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज जळगाव-धुळ्याचा एकही बांध त्याच्यावाचून उरलेला नाही. पार्थेनिन नावाचे त्यातले द्रव्य काहींच्या कातडीला अजिबात सोसत नाही. १९७० च्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या दुखण्याचा अभ्यास केला. पापण्या, मान, कोपराची खळगी, जिथे वाऱ्याबरोबर आलेले कण बसतात तिथली कातडी लाल होते, खाजते, जाड होत जाते. गवत वाळले तरी त्याचा चुरा तितकाच त्रास देतो. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृतीचा सप्ताह असतो. उत्साहाच्या भरात शाळेची मुले उघड्या हातांनी ते उपटायला लागली, तर गवताबरोबर दुखणेही घरी येण्याची भीती असते. हातमोजे हवेत, पूर्ण बाह्या हव्यात, आणि उपटायचे ते फुलावर येण्यापूर्वी.

आता दवाखान्यातली सिस्टर अशा रोग्याला योग्य तेच सांगते: "गाजरगवतापासून लांब राहा." सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण समोर बसलेली बाई रोजंदारीने निंदणीला जाते. तिने लांब राहायचे म्हणजे चूल बंद ठेवायची. दोन महिन्यांनी ती पुन्हा येते तेव्हा केसपेपरवर शेरा पडतो: 'पथ्य पाळत नाही'. आम्हाला हा शेरा फार कठोर वाटतो. जे पाळणे माणसाच्या हाती नाही ते न पाळल्याचा दोष त्याला देता येत नाही, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व आहे. इथे पथ्य पाळायचे आहे ते शेतमालकाने. तिला बांधावरचे काम न देता वेचणीला लावायचे, किंवा एक जोडी मोजे आणि तोंडाला बांधायला फडके द्यायचे. आपल्या धर्मग्रामात शेतमालकही आहेत आणि मजूरही. मिस्साबलिदानाला ते एकाच बाकावर बसतात. हे बोलणे तिथे व्हायला काय हरकत आहे?

अमळनेरचे उदाहरण या संदर्भात आम्हाला नेहमी आठवते. प्रतापशेठ यांच्या दातृत्वातून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. भारतभरचे विद्वान तिथे बसून जग खरे की भास, यावर चर्चा करत. त्याच गावात त्याच शेठजींची कापडगिरणी होती. कापसाच्या धुळीने छाती आवळते आणि सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी ती सर्वात जास्त आवळते, हे गिरणीकामगारांचे दुखणे जगभर ठाऊक आहे. शेठजींना किंवा विद्वानांना आम्ही नावे ठेवत नाही. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण दुसऱ्याचे दुःख आपल्याला कसे कळते, हा प्रश्न सभागृहाइतकाच पिंजणखात्यातही विचारता येतो, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे. जिनिंगवर जाणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आपला धंदा न विचारताही सांगावा.

केळीच्या आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट माहीत असावी. ज्यांना रबरी मोज्यांची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी असते, त्यांच्यापैकी काहींना केळे खाल्ल्यावरही ओठ-घसा खाजण्याचा त्रास होतो, कारण दोन्हींतली काही प्रथिने सारखी असतात. दिवसभर मोजे घालणाऱ्या सिस्टरांनाच हे दुखणे अधिक जडते. शिकवणारीलाही कधी रोगी व्हावे लागते.

'काही होत नाही' हे वाक्य जीवघेणे ठरते ते तीव्र प्रतिक्रियेच्या वेळी. इंजेक्शन, औषध, गांधीलमाशीचा डंख किंवा एखादा खाद्यपदार्थ, यांनंतर काही मिनिटांत अंगावर गांधी, आवाज बसणे, धाप, उलटी, चक्कर अशी लक्षणे एकदम दिसली, तर लिंबूपाणी पाजत बसू नये. रोग्याला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसवावे, पण उभे करू नये, चालवू नये. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिन हे त्याचे पहिले औषध. बरे वाटल्यावरही काही तास दवाखान्यातच थांबवून घेतात, कारण झटका परत येऊ शकतो. २०२१ मध्ये कोविडची लस घेतल्यावर सिस्टरांनी आपल्याला अर्धा तास बसवून ठेवले, तेव्हा आपल्यातले कितीजण कुरकुरले! हजारोंना काही झाले नाही, हे खरे. तो अर्धा तास ज्याला होऊ शकते त्या एकासाठी होता, आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी बसायचे होते.

संत पौलाने करिंथच्या लोकांना जेवणाविषयी असाच विचार सांगितला होता: मला मोकळीक असली तरी माझ्या खाण्याने भावाचे नुकसान होत असेल, तर मी ते सोडीन. त्याचा रोख सद्सद्विवेकावर होता, शरीरावर नव्हे. पण शरीरालाही तो विचार लागू व्हायला अडचण दिसत नाही.

शेवटी आपल्या वेदीविषयी. मिस्सामध्ये आपण 'भाकर' म्हणतो, पण ती असते गव्हाची. सिलिॲक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याला इजा करते. गहू आणि हा आजार यांचे नाते नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ डिके यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ओळखले. औषध एकच, आयुष्यभर गहू बंद. ज्वारी-बाजरीची आणि कळण्याची भाकरी खाणाऱ्या खान्देशात हे त्या मानाने सोपे, मात्र चक्कीवर आधी कोणाचे गहू दळले गेले ते विचारायला हवे. बट्टीचा, मांड्यांचा आग्रह करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. तुकडाभरही चालत नाही.

पूर्ण ग्लुटेनविरहित होस्ट या संस्काराला चालत नाही. पण २००३ च्या व्हेटिकनच्या पत्रानुसार अगदी कमी ग्लुटेनची होस्ट चालते, आणि तीही सोसत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. तो अपुरा नसतो. मुख्य प्याल्यात मात्र होस्टचा कण टाकलेला असतो, म्हणून अशांसाठी वेगळा प्याला लागतो. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी मिस्सापूर्वी सॅक्रिस्टीत सांगावे, कारण विचारले जाणार नाही. दम्याच्या रोग्यांनी धुपाच्या दिवशी दाराजवळची बाके घ्यावीत. ती त्यांच्यासाठी मोकळी ठेवायला स्वयंसेवकांना सांगितले आहे.

आपले,
प्रमुख धर्मगुरू