विस्मृतीचा दोष कोणाचा?

घरातील वृद्ध माणूस नावे विसरू लागला, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागला, की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण मोकळे होतो. फार तर प्राक्तनाकडे बोट दाखवितो. वय हे कारण खरेच आहे, आणि काही अंश उपजतही असतो. परंतु तेवढ्यावर थांबणे आता प्रामाणिकपणाचे होणार नाही, असे आम्हांस वाटते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी राहणी, दूषित हवा ही त्यांत आहेतच; पण बहिरेपणा आणि एकाकीपणा हीही आहेत. ही सर्व दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रोग टळेल वा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. अर्थात हा हिशेब समाजाचा आहे, एका घराचा नव्हे. अमक्याच्या आईला हा रोग अमक्यामुळेच जडला, असे कोणालाही म्हणता येणार नाही. आणि सेवा करून थकलेल्या सुनेवर तर ते मुळीच ढकलू नये.

तरीही प्रश्न उरतोच. तंबाखू ज्याची त्याने सोडावी. पण एकाकीपणा माणूस एकट्याने कसा सोडणार? कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनी 'काय म्हणालास?' असे विचारले, की 'काही नाही' हे उत्तर ठरलेले. दोनदा, चारदा असे झाले, की ते विचारणेच सोडतात. अस्पष्ट शब्द जुळविण्यात मेंदू शिणतो आणि संगत सुटल्याने त्याचे काम घटते, असे तज्ज्ञ मानतात. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ वृद्धांवर झालेल्या तीन वर्षांच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. श्रवणयंत्राने सरसकट सर्वांना लाभ दिसला नाही. मात्र ज्यांना मूळचा धोका अधिक होता, त्यांच्या बुद्धीचा ऱ्हास जवळजवळ निम्म्याने मंदावला. यंत्र महाग असते हे खरे. समोर बसून सावकाश बोलण्यास मात्र काही पडत नाही.

आता थोडे देवळाविषयी. २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. ८५ डेसिबलपुढे दीर्घकाळ राहिल्यास कानास इजा होऊ लागते. उत्सवातील आमचे कर्णे यांपैकी कोणती मर्यादा पाळतात, हे वाचकांनीच ठरवावे. भक्तीला घोष हवा, असे कित्येकांचे म्हणणे आहे. असेल, पण ज्यांस कमी ऐकू येते तेच कर्ण्याजवळ सरकून बसतात, आणि उरलेले श्रवणही तेथेच गमावतात. यंदा उत्सवसमितीने कर्णे सभामंडपाबाहेर न्यावेत, आवाज उतरवावा, आणि पुढील दोन ओळी वृद्धांसाठी राखाव्यात, म्हणजे कीर्तनकारांचे ओठ तरी त्यांना दिसतील.