कुंपणापलीकडची दाद

ऑगस्ट 2003 मध्ये नायजेरियानं शेजारच्या बेनिनला लागून असलेली आपली सरहद्द एकाएकी बंद केली. ओलाजिदे अफोलाबी नावाच्या एका नायजेरियन व्यापाऱ्यानं नेमका त्याच वेळी बेनिनमध्ये माल खरेदीचा सौदा केला होता. सरहद्द बंद म्हणून सौदा बुडाला. सरकारनं रस्ता अडवला की व्यापारी सहसा दोन शिव्या हासडतो आणि दुसरा रस्ता शोधतो. अफोलाबीनं आपल्याच सरकारवर दावा लावला, आणि तोही देशाबाहेरच्या कायद्याच्या आधारानं.

पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी 1975 साली लागोसमध्ये करार करून एक आर्थिक समुदाय उभा केला. त्याला इकोवास म्हणतात. अफोलाबीच्या वेळी त्यात पंधरा देश होते. माणसं आणि माल सरहद्दी ओलांडून मोकळेपणानं ये-जा करतील, असं या देशांनी एकमेकांना लिहून दिलेलं होतं. समुदायाचं स्वतःचं न्यायालयही होतं, आणि ते बसायचं नायजेरियाच्याच राजधानीत, अबुजाला. अफोलाबी तिथं गेला.

सरकारी बाजूनं साधी हरकत घेतली. न्यायालयाच्या 1991 च्या प्रोटोकॉलप्रमाणे तिथं देशच दावा आणू शकत होते. नागरिकाचं काही गाऱ्हाणं असेल तर ते त्याच्या देशानं त्याच्या वतीनं मांडायचं. आता अफोलाबीचं गाऱ्हाणं होतं नायजेरियाविरुद्ध, म्हणजे नायजेरियाविरुद्धचा अर्ज नायजेरियानंच घेऊन यायला हवा होता. कुंपणानं शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, असं आपण म्हणतो. इथं तर कुंपणाचीच सही आणायला सांगत होते.

एप्रिल 2004 मध्ये न्यायाधीशांनी हरकत मान्य केली. नियमात लिहिलंय ते लिहिलंय म्हणून दावा फेटाळला गेला.

पण निकालातला विचित्रपणा लपण्यासारखा नव्हता. जानेवारी 2005 मध्ये देशांनी प्रोटोकॉल बदलला. आपल्या मानवी हक्कांचा भंग झाला असं ज्याला वाटेल, त्या कुणालाही आता थेट अबुजाच्या न्यायालयात जाता येणार होतं. त्यातही एक गोष्ट अशी, की आधी आपल्या देशातली सगळी कोर्टं पालथी घालून या, ही अट त्यांनी घातली नाही. स्ट्रासबूरच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयातसुद्धा ती अट आहे. पंधरा सरकारांच्या हातून एवढं औदार्य कसं झालं याचं मला अजून नवल वाटतं.

अफोलाबी हरला तो हरलाच. त्या दाराचा खरा उपयोग व्हायचा होता शेजारच्या नायजरमधल्या एका बाईला, जिचा मालाशी संबंध एवढाच की ती स्वतःच एकदा विकली गेली होती.

तिचं नाव हदिजातू मनी. 1996 साली, बारा वर्षांची असताना, तिला दोन लाख चाळीस हजार सीएफए फ्रँकला विकण्यात आलं. विकत घेणारा शेहेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या घरात लग्नाच्या चार बायका होत्या. त्या भागात ‘वाहाया’ नावाची रूढी आहे. चार बायकांची मर्यादा धर्मानं घातलेली, म्हणून गुलामाच्या घरातली एखादी मुलगी विकत घ्यायची. तिनं घरात राबायचं, शेतात राबायचं आणि रात्री मालक म्हणेल ते करायचं. ‘पाचवी बायको’ म्हणतात तिला, पण लग्न कुणी लावत नाही. हदिजातूनं अशी नऊएक वर्षं काढली. चार मुलं झाली, दोन जगली.

आता नायजरच्या कायद्यात काय होतं ते पाहा. 1999 च्या संविधानात गुलामगिरीला मनाई होती. 2003 साली दंडसंहितेत दुरुस्ती होऊन माणसाला गुलाम म्हणून ठेवणं हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. कायदा चांगला होता आणि स्पष्ट होता. तो येऊन दोन वर्षं झाली तेव्हा, 18 ऑगस्ट 2005 रोजी, मालकानं हदिजातूला मुक्ततेचा दाखला दिला. त्यावर त्याची सही, तिची सही आणि गावच्या प्रमुखाचीही सही. ज्या देशात गुलामगिरी गुन्हा आहे तिथं गुलामाला मुक्त केल्याचा दाखला म्हणजे गुन्ह्याचा लेखी कबुलीजबाब. तो नंतर एकामागून एका कोर्टाच्या टेबलावर आला. मालकाला बेड्या घालाव्यात असं त्यांतल्या एकालाही सुचलं नाही.

दाखला हातात पडल्यावर ती निघाली, तर मालक म्हणाला, तू आता माझी बायको आहेस, कुठं चाललीस? आजारी आईला भेटायचं निमित्त करून ती बाहेर पडली आणि परत गेली नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये तिनं कोन्नी या सरहद्दीवरच्या गावच्या दिवाणी आणि रूढी न्यायालयात अर्ज केला. हे लग्न कधी झालंच नाही, संमती नव्हती, मेहेर नव्हता, विधी नव्हता, ती मोकळी आहे, असा निकाल त्या कोर्टानं महिन्याभरात दिला. कोन्नीच्या या पहिल्या न्यायाधीशाचं कौतुक कुणी फारसं करत नाही. करायला हवं.

मालक अपिलात गेला. जूनमध्ये वरच्या कोर्टानं निकाल फिरवला आणि रूढी पुढे करून मालकाला नवरा ठरवलं. ती नियामेला सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांनी डिसेंबरमध्ये अपिलाचा निकाल रद्द केला खरा, पण कार्यपद्धतीच्या चुकीवरून. गुलामगिरीबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि प्रकरण पुन्हा कोन्नीला पाठवून दिलं.

दरम्यान तिनं आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं होतं. मालकानं फिर्याद केली की पहिला नवरा जिवंत असताना हिनं दुसरा केला. 2 मे 2007 रोजी कोन्नीच्या कोर्टानं तिला, तिच्या भावाला आणि तिच्या नव्या नवऱ्याला सहा-सहा महिन्यांची कैद आणि पन्नास-पन्नास हजार फ्रँक दंड ठोठावला. तिची रवानगी आठवड्याभरात तुरुंगात झाली. ज्याच्याविरुद्ध देशाचा फौजदारी कायदा होता तो फिर्यादी, आणि जिच्या रक्षणासाठी तो कायदा होता ती कैदी. जामीन मिळायला जुलै उजाडला.

सप्टेंबर 2007 मध्ये तिच्या वकिलानं इकोवासच्या न्यायालयात दावा दाखल केला. नायजरमधली तिमिद्रिया ही गुलामगिरीविरोधी संघटना आणि लंडनची अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल तिच्या पाठीशी होत्या. या दाव्यात प्रतिवादी मालक नव्हता, नायजर देश होता. मालकावर कारवाई करण्याची सगळी साधनं ज्याच्या हातात होती आणि ज्यानं ती वापरली नाहीत, त्यालाच तिनं उभं केलं.

नायजरची पहिली हरकत होती की बाईंनी आधी आमच्या कोर्टांत पूर्ण दाद मागायला हवी होती, प्रकरण अजून तिथं चालू आहे. हे अशा बाईबद्दल, जिला त्या कोर्टानं नुकतंच आत टाकलं होतं. 2005 च्या प्रोटोकॉलमध्ये ही अट नसल्यानं हरकत टिकली नाही. दुसरं म्हणणं असं होतं की गुलामगिरीचे आता काही अवशेषच उरलेत आणि या दोघांचा संबंध नवरा-बायकोचाच होता.

ती गरीब, साक्षीदार नायजरमधले, म्हणून एप्रिल 2008 मध्ये अबुजाचं न्यायालयच उठून नियामेला आलं आणि तिथं सुनावणी घेतली. न्याय दूर असतो असं आपण धरून चालतो. इथं दूरचं न्यायालय तिच्यापर्यंत चालत आलं आणि तिची हकिगत तिच्याच तोंडून ऐकली.

27 ऑक्टोबर 2008 रोजी निकाल लागला. हदिजातू गुलाम होती, असं न्यायालयानं निःसंदिग्धपणे म्हटलं. चांगलं खायला-ल्यायला घातलं, नीट ठेवलं, तरी बळानं स्वातंत्र्य हिरावलेला माणूस गुलामच असतो, हा न्युरेंबर्गच्या खटल्यातला विचार त्यांनी इथं आधाराला घेतला. खालच्या न्यायाधीशासमोर गुलामगिरीची स्थिती उघड आली असताना त्यानं ती आपणहून गुन्हा म्हणून पाहायला हवी होती, ती पाहिली नाही, आणि हे न पाहणं म्हणजेच देशानं केलेला भंग. नायजरनं तिला एक कोटी फ्रँक भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

सगळंच तिच्या पदरात पडलं नाही, हेही सांगायला हवं. तुरुंगवास कोर्टाच्या हुकुमानं झाला होता, म्हणून तो मनमानी ठरवायला न्यायाधीश तयार झाले नाहीत. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोपही मान्य झाला नाही. देशाचे कायदे तपासून त्यांच्यावर शेरे मारणं आपलं काम नव्हे, असंही ते म्हणाले. या संकोचाबद्दल कायद्याच्या अभ्यासकांनी टीका केली आहे. मला वाटतं, सरकारांनीच बांधलेल्या घरात बसून सरकारांना दोषी ठरवणाऱ्यानं पाय जपून टाकला तर ते समजण्यासारखं आहे.

नायजरनं पैसे दिले. 2014 साली कोन्नीच्याच कोर्टानं वाहाया ठेवल्याबद्दल एका माणसाला चार वर्षांची शिक्षा दिली. कायदा तोच होता, 2003 चा. तो वाचायला मधे अकरा वर्षं आणि शेजारच्या देशात बसणारं एक न्यायालय लागलं. आपल्याकडे, म्हणजे अख्ख्या आशियात, असं प्रादेशिक मानवाधिकार न्यायालय आजही नाही. त्यामुळे परदेशी न्यायाधीशांनी आमच्यात नाक खुपसू नये, हे वाक्य आपल्याला फार लवकर पटतं.

ते वाक्य पुढे नायजरच्या राज्यकर्त्यांनाही पटलं. जुलै 2023 मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली. इकोवासनं निर्बंध घातले, नायजेरियानं सरहद्द बंद केली. या वेळी ती नायजरची होती, म्हणजे कोन्नीच्या पलीकडची. जानेवारी 2024 मध्ये नायजर, माली आणि बुर्किना फासो यांनी समुदाय सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि 29 जानेवारी 2025 पासून ते अधिकृतपणे बाहेर पडले. समुदायाबरोबर त्याचं न्यायालयही सुटलं. हदिजातूचा निकाल राहिला, पण त्याच वाटेनं दुसरी कुणी आता जाऊ शकत नाही.

टांझानियात अरुशाला आफ्रिकी महासंघाचं मानवाधिकार न्यायालय आहे. तिथं दाद मागायची तर आधी देशातली सगळी कोर्टं चढून यावी लागतात, कोन्नीचं धरून.