घर दोघांचे, निर्णय कोणाचा?



अदलियात राहणाऱ्या आपल्या माणसांना जुनी घरे नवी होताना पाहायची सवय आहे. ब्लॉक ३३८ च्या गल्ल्यांत एकेकाळची राहती घरे आज उपाहारगृहे आणि कलादालने झाली आहेत. पण ती घरे आपली नव्हेत. इथे आपण भाड्याने राहतो. आपले घर गावी, बौद्धवाडीत आहे. म्हणून नवे लग्न झालेले जोडपे शुक्रवारी इथल्या खोलीत बसून, मोबाईलवर, गावचे जुने घर दुरुस्त करत असते. तिकडे गवंडी फोन फिरवून दाखवतो: वासे कुठे किडले, भिंतीला ओल कुठवर चढली, पावसाआधी कौले उतरवायची की पुढच्या वर्षी थेट स्लॅब टाकायचा.

तुम्हीही त्यांच्यातलेच असाल, तर एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. पैसे पाठवणारा एक, त्या घरात उद्या वावरणारी दुसरी, आणि आज तिथे राहणारे आईवडील तिसरे. मग ओटा किती उंच, मोरी कुठे, शौचालय आत की मागच्या अंगणात, हे ठरवायचे कोणी?

बऱ्याच घरांत याचे उत्तर न बोलताच ठरलेले असते: ज्याचा पगार, त्याचा शब्द. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या पत्नीला विचारले जाते ते फरशीच्या रंगापुरते. यात कोणी दुष्ट नसतो. तो राबतो, पै-पै साठवतो, आणि मनापासून म्हणतो, "मी हे तिच्यासाठीच करतोय." पण तिच्यासाठी करणे आणि तिच्याबरोबर करणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात ती घेणारी असते, दुसऱ्यात मालकीण.

सिगालोवाद सुत्त आपल्या परिचयाचे आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना हात जोडत होता. का, तर वडिलांनी मरताना तसे सांगितले होते. बुद्धांनी त्याला सांगितले की दिशा म्हणजे माणसे: पूर्व म्हणजे आईवडील, पश्चिम म्हणजे पत्नी, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारे कामगार. पतीची पाच कर्तव्ये सांगताना त्यांत एक शब्द येतो, इस्सरियवोस्सग्ग. म्हणजे अधिकार तिच्या हाती सोपवणे. दागिने देणे हे कर्तव्य वेगळे सांगितले आहे. अधिकाराची जागा दागिन्यांनी भरून निघत नाही, एवढे तरी त्यातून आपण नक्की घ्यावे.

बाबासाहेब तर याही पुढे गेले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये. स्त्रियांना मालमत्तेत हक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडले, हे १९५१ मधल्या त्यांच्या राजीनाम्याचे एक मुख्य कारण होते. ज्यांनी या हक्कासाठी मंत्रिपद सोडले, त्यांची तसबीर आपण नव्या भिंतीवर लावणार. त्या भिंतीच्या कागदावर तिचे नावच नसेल तर?

तुम्ही म्हणाल, "नवराबायकोत नावे कसली? हा तर अविश्वास झाला." मला उलटे वाटते. विश्वास असेल तर नाव लावायला अडचण कसली? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. घर तुमचे असेल तर नमुना ८ च्या उताऱ्यावर दोघांची नावे लावून घ्या.

खरी अडचण निराळी आहे. पुष्कळदा घर वडिलांच्या नावे असते आणि त्यात भावांचाही वाटा असतो. तिथे पश्चिम दिशेला न्याय देताना पूर्वेला पाठ करून चालणार नाही. ज्या आईने पावसात गळणाऱ्या छपराखाली भांडी ठेवून मुले शिकवली, तिला न विचारता तिची चूल हलवणे हाही अन्यायच. म्हणून पहिली वीट हलण्याआधी सगळ्यांनी एकत्र बोलावे: खर्च कोणाचा, पुढे वाटा कोणाचा, म्हाताऱ्यांची खोली कोणती. ठरेल ते लिहून ठेवावे. सुनेने आपल्या कमाईतले काही घातले असेल तर तेही तिच्या नावाने लिहावे. तिची कमाई नसेल, तर तिच्या घरकामाच्या बळावरच त्याची कमाई शिल्लक पडते, हे विसरू नये. हे बोलणे अवघड जाते, पण दहा वर्षांनी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा सोपे आहे.

आणि खालची दिशा. बहरीनमध्ये भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. त्या सावलीची किंमत आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. मग गावी मे महिन्यात छपरावर चढलेल्या गवंड्याला आपण दुपारची सुट्टी देतो का, की पाऊस जवळ आला म्हणून घाई करतो? शक्तीनुसार काम, मजुरी आणि योग्य वेळी विश्रांती हेही त्याच सुत्तात सांगितले आहे.

घर अनित्य आहे. आज टाकलेला स्लॅबही एक दिवस गळेल. पण ते बांधताना एकमेकांशी वागायची जी सवय लागते, ती त्या घरात वाढणारी मुले उचलतात. तेव्हा येत्या शुक्रवारी गवंड्याचा फोन आला की तो आधी तिच्या हातात द्या. ओटा तिच्या उंचीचा होऊ द्या. आणि तिने "तुम्हीच ठरवा" म्हटले, तर ती सवयीने म्हणते आहे की मनापासून, हे थांबून विचारा.

भवतु सब्ब मंगलं.